रात्रपाळी आणि मेंदूतलं घड्याळ: आधी तळ शोधा, मग उजेडाची वेळ ठरवा

सकाळचं कोवळं ऊन सगळ्यांना सारखंच मानवतं, या समजुतीवर झोपेचे निम्मे सल्ले उभे आहेत. प्रत्यक्षात तेवढाच उजेड एकाची झोप अलीकडे, म्हणजे लवकरच्या वेळेला, ओढतो आणि दुसऱ्याची पलीकडे, म्हणजे उशिराच्या वेळेला, ढकलतो. तो डोळ्यांवर पडला तेव्हा मेंदूतल्या घड्याळात किती वाजले होते, यावर सगळं ठरतं. भिंतीवरचं घड्याळ इथे कामाचं नाही. सोलापुरात यंत्रमाग, टॉवेल कारखाने, सूतगिरण्या, रुग्णालयं, एसटी आणि रेल्वे मिळून रात्री जागणारे हजारोंनी आहेत. त्यांच्यासाठी, आणि अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसून सकाळी डोळा न उघडणाऱ्यांसाठीही, आपलं घड्याळ कसं ओळखायचं आणि कसं सरकवायचं याची ही पद्धत.

घड्याळाबद्दल जेवढं लागतं तेवढं

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचे दोन चिमुकले पुंजके असतात. त्यांना सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. दोन्हीत मिळून साधारण २० हजार पेशी. १९७२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांमधले हे पुंजके नष्ट करून पाहिले, तर त्यांच्या हालचालीची, पाणी पिण्याची, संप्रेरकांची दैनंदिन लय मोडली. हेच मुख्य घड्याळ असल्याचा पक्का पुरावा १९९० मध्ये आला. ज्या हॅमस्टरांचा दिवस जनुकीय बदलामुळे २४ ऐवजी सुमारे २० तासांचा होता, त्यांच्यातला हा भाग दुसऱ्या हॅमस्टरांमध्ये बसवला, तर घेणारे प्राणी देणाऱ्याच्या वेळेने वागू लागले. पेशीच्या आत हे कसं चालतं, म्हणजे पिरियड या जनुकापासून बनणारं प्रथिन साठत जाऊन स्वतःच्याच जनुकाला कसं बंद पाडतं, हे फळमाशीत उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आपल्या कामाची गोष्ट मात्र वेगळी आहे. हे घड्याळ बरोबर २४ तासांचं नाही. जर्मनीत आन्डेक्स इथल्या भूमिगत खोल्यांमध्ये १९६० च्या दशकापासून माणसांना घड्याळ आणि सूर्यापासून तोडून ठेवलं, तेव्हा त्यांचा दिवस सुमारे २५ तासांचा दिसला. पुढे १९९९ मध्ये मंद उजेडात काटेकोरपणे मोजला तर तो सरासरी २४.२ तासांच्या आसपास निघाला. मधला फरक कुठून आला? आन्डेक्सची माणसं दिवे स्वतः लावत-मालवत होती. रात्री उशिरापर्यंत दिवा चालू ठेवून ती रोज आपलंच घड्याळ थोडं पलीकडे ढकलत होती. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनीही वेळेचा पत्ता लागू न देता माणसांना ठेवून अशी निरीक्षणं केली होती.

बहुतेकांचं घड्याळ २४ तासांहून थोडं लांब असल्याने त्याला पलीकडे ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं अवघड. चांगल्या उजेडात ते दिवसाला दीड-दोन तास पलीकडे जाऊ शकतं, अलीकडे मात्र फार तर तासभर, आणि घरच्या घरी अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ.

दोन आठवड्यांची वही

साधी रेघांची वही घ्या आणि उशाशी ठेवा. उठल्यावर दहा मिनिटांच्या आत पाच गोष्टी लिहा: दिवा कधी मालवला, अंदाजे डोळा कधी लागला, जाग कधी आली, अंथरूण कधी सोडलं, आणि गजर लागला होता का. शेवटचा रकाना लोक विसरतात, आणि सगळा हिशेब त्याच्यावरच आहे. दुपारची डुलकी वेगळी लिहा. दोन आठवड्यांत निदान तीन-चार बिनगजराच्या सकाळी मिळायला हव्यात, नाहीतर अजून एक आठवडा काढा.

मग झोपेचा मध्य काढायचा. समजा कामाच्या दिवशी तुम्ही १२ ते ६ झोपता, म्हणजे मध्य ३ वाजता. सुट्टीला साडेबारा ते साडेनऊ झोपता, म्हणजे मध्य ५ वाजता. दोन्हीतला फरक २ तास. मेंदू पाचचा आणि नोकरी तीनची, असं हे दर आठवड्याचं भांडण आहे. पण सुट्टीचे नऊ तास हे आठवड्याचं थकलेलं देणं आहे, ते वजा करावं लागतं. सहा दिवस सहा तास आणि एक दिवस नऊ, सरासरी सुमारे ६.४३ तास. नऊमधून ती वजा केली की २.५७, त्याचं निम्मं १.२९, म्हणजे १ तास १७ मिनिटं. पाचातून ती वजा केली की ३ वाजून ४३ मिनिटं. हा तुमचा खरा मध्य, म्हणजे मेंदूतलं घड्याळ किती उशिराचं आहे त्याचा अंदाज. सुट्टीची झोप कामाच्या दिवसांपेक्षा लांब नसेल तर ही वजाबाकी करायची नाही.

तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांनी रात्रपाळीनंतरच्या सुट्टीतली झोप धरू नये, ती विस्कटलेली असते. दुसऱ्या पाळीच्या, म्हणजे दुपारच्या पाळीनंतरच्या सुट्टीतली धरा. त्या पाळीत ना पहाटेचा गजर असतो ना रात्रीचं जागरण, त्यामुळे झोप आपल्या जागी बसलेली असते.

तळ

शरीराचं आतलं तापमान चोवीस तासांत साधारण अर्धा ते एक अंश सेल्सिअस वर-खाली होतं. ते सर्वांत खाली जातं त्या वेळेला इथे तळ म्हणू. सगळ्या खेळाचा मध्यबिंदू हाच. तळाच्या आधीच्या काही तासांतला उजेड घड्याळ पलीकडे ढकलतो आणि तळानंतरच्या काही तासांतला अलीकडे ओढतो. तळाच्या जितकं जवळ, तितका जोर जास्त. भर दुपारी, म्हणजे तळापासून दहा-बारा तासांवर, परिणाम थोडाच.

घरच्या अंदाजासाठी नियम सोपा आहे. बिनगजराची झोप सात तासांपर्यंत असेल तर उठण्याच्या २ तास आधी तळ, सातहून जास्त असेल तर ३ तास आधी. रात्री १२ ते सकाळी साडेसात झोपणाऱ्याचा तळ साडेचारच्या सुमारास. रात्रपाळीत त्याच वेळी अंगावर काटा येतो, डोळे जड होतात, माग चालू असताना तुटलेला धागा दिसत नाही. यंत्रमागावरचे लोक ज्याला पहाटेची गुंगी म्हणतात ती बहुतेक वेळा हीच.

थर्मामीटर लावून तळ शोधावा असं वाटणं साहजिक आहे, पण तो नाद सोडा. चहा प्यायला, जिना चढला, पत्र्याखाली बसला, की तोंडातलं तापमान तेवढ्यानेच सरकतं आणि आतली लय त्याखाली झाकली जाते. प्रयोगशाळेत म्हणूनच माणसाला मंद उजेडात एका जागी, जागं ठेवून, दर तासाला सारखंच थोडं खायला देऊन चोवीस तासांहून जास्त वेळ मोजतात. दुसरा मार्ग मेलाटोनिन या रात्री स्रवणाऱ्या संप्रेरकाचा: संध्याकाळपासून दहा लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आतल्या उजेडात बसवून दर अर्ध्या-एक तासाला लाळ घेतात, आणि मिलीलिटरला ३ ते ४ पिकोग्रॅमची रेघ मेलाटोनिन कधी ओलांडतं ते बघतात. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधी दोन-तीन तासांवर ही वेळ येते, तळ त्यानंतर सुमारे सात तासांनी. वहीवरून काढलेला तळ तासभर इकडेतिकडे असू शकतो. म्हणून तळाच्या दोन्ही बाजूंना तासभर जागा सोडून उजेडाची आखणी करा.

उजेड मोजताना

डोळा इथे फसवतो. मे महिन्यात दुपारी उघड्यावर लाखभर लक्स असतात, झाडाच्या सावलीत दहा हजारांच्या घरात, घरात ट्यूबखाली जेमतेम शंभर ते तीनशे. आपल्याला मात्र तिन्ही ठिकाणी ‘चांगला उजेड’च वाटतो. मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप चालेल, पण टेबलावर ठेवून मोजू नका. पडद्याच्या वरच्या कडेचा सेन्सर डोळ्यांजवळ, तुम्ही बघता त्या दिशेला धरा. आकडा अचूक येणार नाही, तुलनेला पुरतो.

घड्याळापर्यंत उजेडाची खबर नेणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी मेलॅनॉप्सिन नावाच्या द्रव्यावर चालतात आणि सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. त्यामुळे तेवढ्याच लक्सचा पिवळा एलईडी या घड्याळाला पांढऱ्याच्या साधारण निम्माच जाणवतो. २०२२ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी मिळून आकडे सुचवले, ते असा निळसर भाग धरून मोजलेल्या लक्सचे आहेत: दिवसा डोळ्यांजवळ किमान २५०, झोपेआधीच्या तीन तासांत १० पेक्षा जास्त नको, आणि झोपेत १ पेक्षा जास्त नको.

सोलापूरचा सूर्यही लक्षात घ्या. घड्याळाची भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची, सोलापूर सुमारे ७५.९ वर. म्हणजे आपला सूर्य घड्याळामागे २६ मिनिटं. जूनअखेर उजाडतं ते सहाला सात-आठ मिनिटं कमी असताना, आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, सातच्या सुमारास. सकाळी सातला सुटणाऱ्या पाळीसाठी हा तासाभराचा फरक फार मोठा आहे. जानेवारीत तुम्ही झुंजुमुंजू उजेडात घरी निघता, जूनमध्ये चांगल्या उन्हात.

कायमची रात्रपाळी असेल तर

रात्री ११ ते सकाळी ७ ही पाळी धरू. घड्याळ पूर्ण उलटं करायला जाऊ नका, सुट्टीच्या दिवशी घरात तुम्ही नसल्यासारखेच व्हाल. संशोधनातून निघालेली मधली तडजोड जास्त टिकते: तळ पहाटे साडेचारवरून सकाळी दहाच्या आसपास न्यायचा. मग तो दिवसाच्या झोपेत पडतो, आणि सुट्टीला रात्री तीन ते दुपारी बारा झोपताही येतं.

त्यासाठी पाळीत पावणेएक, पावणेदोन, पावणेतीन आणि पावणेचारला पंधरा-पंधरा मिनिटं जोरदार पांढरा उजेड घ्या. २० वॅटची एलईडी पट्टी हातभर अंतरावर ठेवली तर साधारण सहाशे ते हजार लक्स मिळतात, दोन लावल्या तर बरं. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, ती नजरेच्या टप्प्यात असली की झालं. चारनंतर हा जादा उजेड बंद. कामाच्या जागेचे दिवे मात्र कधीही कमी करायचे नाहीत. चालत्या मागाजवळ अंधार केला तर बोट जाईल.

सकाळी घरी जाताना गडद, बाजूंनीही झाकणारा गॉगल घाला. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त लोक इथेच घसरतात. तळ अजून पाच-साडेपाचला असतो आणि सात-साडेसातचं ऊन त्याच्यानंतर पडतं, म्हणजे रात्रभर ढकललेलं घड्याळ अर्ध्या तासात परत ओढलं जातं. चिंचोळी एमआयडीसीतून शहराकडे येताना तोंड आग्नेयेला असतं, सूर्य सरळ डोळ्यांत. अक्कलकोट रोडवरून येणाऱ्याच्या तो पाठीशी असतो, त्याला त्रास कमी. पण दुचाकीवर डोळे मिटत असतील तर गॉगल घालू नका, ऊन लागू द्या, आणि शक्य असेल तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या. घड्याळ उद्या सरकवता येईल.

साडेआठला झोपा, साडेतीनपर्यंत. उठल्यावर दोन तासांच्या आत पंधरा मिनिटं बाहेर, मे महिन्यात गच्चीवर न जाता व्हरांड्याच्या सावलीत. तळानंतरचा हा उजेड ब्रेकसारखा काम करतो, घड्याळ दहाच्याही पलीकडे वाहवत जात नाही. सगळं बसायला आठवडाभर लागतो. सुट्टीला रात्री दहालाच आडवं होऊन पहाटे उठलात तर पुढच्या सोमवारी पहिल्यापासून सुरुवात. घरच्यांना हे एकदाच नीट समजावून सांगा.

पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर

यंत्रमागावर बारा तासांच्या दोन पाळ्या असतात आणि त्या आठवड्याला फिरतात, तिथे वरचं काहीही करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. आठवडाभर ढकलून घड्याळ जागेवर येईपर्यंत दिवसपाळी लागते आणि तुम्ही दोन्हीकडचे राहत नाही. इथे घड्याळ दिवसावरच धरून ठेवा. गॉगलचा नियम मग उलटतो: परतताना सकाळचं ऊन डोळ्यांवर पडू द्या, ते तळानंतर पडतं आणि घड्याळाला जागेवर बांधून ठेवतं. घरी पोचल्यावर लगेच अंधार. झोप दोन तुकड्यांत घ्या, सकाळी आल्यावर चार-साडेचार तास आणि पाळीआधी संध्याकाळी दीड तास. संध्याकाळचा तुकडा कधीही टाळू नका, पहाटेची गुंगी त्यानेच टळते. कामावर डुलकी घेण्याची सोय असेल तर वीस मिनिटांच्या आत, आणि उठल्यावर पहिली दहा मिनिटं यंत्राला हात लावायचा नाही, मेंदू अजून अर्धवट झोपेत असतो.

पाळ्या लावणं ज्यांच्या हातात आहे त्यांनी सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम ठेवावा. घड्याळ पलीकडे जायला तयार असतं, तर त्याच दिशेने न्या. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अमेरिकेतल्या यूटा राज्यात एका खनिज कारखान्यात क्रम असा बदलला आणि पाळी बदलण्याचं अंतरही वाढवलं, तेव्हा कामगारांचं समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढल्याची नोंद झाली.

दिवसा झोपायची खोली

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकतो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी झोप लागणं अशक्य होतं. झोप लागण्यासाठी शरीराला आतली उष्णता बाहेर टाकावी लागते, तीच इथे अडते. तळमजल्याची, उत्तरेकडची खोली निवडा. कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान चालतो, पण त्याला हवा बाहेर जायला उघडी खिडकी लागते, आणि तिथूनच उजेड आत येतो. उपाय असा: जाड सोलापुरी चादर दुहेरी करून खिडकीच्या चौकटीला न चिकटवता आतल्या बाजूने वीतभर अंतर सोडून टांगा, चारी बाजूंनी हातभर जास्त रुंद. हवा कडेने निघून जाते, ऊन चादरीवर अडतं. जुलैनंतर हवा दमट झाली की कूलर उपयोगाचा नाही, नुसता पंखा लावा.

तपासायचं असं: दार लावून पाच मिनिटं आत बसा. वर्तमानपत्रातला बारीक मजकूर वाचता आला तर अजून अंधार हवा. उजेड बहुतेक वेळा दाराखालच्या फटीतून येतो, तिथे टॉवेलची सुरळी सरकवा.

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेही अवेळी, आणि रात्रपाळीवाल्याची झोप त्यात हमखास मोडते. पाणी भरायला दुसरं कुणी नसेल तर उठा, पण अंगणात उघड्या उन्हात उभं राहू नका. आत येऊन परत अंधार केला तर बरीचशी झोप परत मिळते.

चहा आणि डबा

कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या मोठ्या मात्रेनेही झोप तासाहून जास्त घटल्याचं आढळलं आहे. साडेआठला झोपायचं तर शेवटचा चहा अडीचला. पहाटे पाचचा टपरीवरचा चहा हा दिवसाच्या झोपेचा सर्वांत मोठा चोर आहे, आणि तो सोडायला सर्वांत अवघड.

यकृताचं स्वतःचं घड्याळ जेवणाच्या वेळेवर चालतं. २०२१ च्या एका प्रयोगात रात्रपाळीसारखं वेळापत्रक देऊनही ज्यांना फक्त दिवसा जेवण दिलं, त्यांची रक्तातली साखर बिघडली नाही, रात्री जेवणाऱ्यांची बिघडली. म्हणून पोटभर जेवण पाळीआधी संध्याकाळी सात-आठला. रात्री लागलंच तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी थोडी, भाताचा डबा नको.

अभ्यासिकेतल्यांसाठी

रात्री तीनला झोपून दहाला उठणाऱ्याचा तळ आठच्या सुमारास असतो. परीक्षा आली म्हणून तो एक दिवस पाचला उठतो, ट्यूबखाली बसतो, सहाला सिद्धेश्वर तलावावर फिरायला जातो, आणि त्या रात्री अजूनच उशिरा झोप येते. कारण उघड आहे, ते ऊन तळाच्या आधी पडलं आणि घड्याळ पलीकडे ढकललं. बरोबर पद्धत अशी: पहिल्या दिवशी साडेनऊला उठून लगेच अर्धा तास बाहेर. मग दर एक-दोन दिवसांनी गजर पंधरा-वीस मिनिटं अलीकडे, उन्हाची वेळही तेवढीच अलीकडे. संध्याकाळी झोपेआधी तीन तास पिवळा मंद दिवा. दोन-तीन तास अलीकडे यायला दोन-तीन आठवडे धरा. त्यात एक रात्र जागरण झालं तर दुसऱ्या दिवशी गजर तसाच ठेवा, पुढे सरकवू नका.

मेलाटोनिनच्या गोळ्यांचाही परिणाम वेळेवर ठरतो, चुकीच्या वेळी घेतली तर गोळी उलट ढकलते. वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवा. बायपोलर आजार, डोळ्यांच्या पडद्याचे विकार, किंवा उजेडाने फिट येण्याचा इतिहास असेल तर जोरदार दिव्याचा प्रयोग त्यांना विचारल्याशिवाय करू नये. वही नीट ठेवून, अंधार करूनही सात तास झोपेनंतर ताजंतवानं वाटत नसेल आणि घरचे म्हणत असतील की झोपेत मोठ्याने घोरता, मध्येच श्वास अडकतो, तर ते घड्याळाचं दुखणं नाही. झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या, आणि जाताना वही बरोबर न्या.